वीसपैकी वीस

"आईला पण नाही?"

त्रिशलानं पेन्सिल हवेतच धरून विचारलं. तिच्यासमोर माझे चार पानांचे कागद होते. वरच्या सूचना मी नुकत्याच तिला वाचून दाखवल्या होत्या. तू इथे जे लिहिशील ते डॉक्टरांना, शाळेत किंवा घरी कुणालाही कळणार नाही.

"आईला पण नाही," मी म्हटलं.

"आणि आण्णांना?"

"कुणालाच नाही. कागदावर तुझं नावसुद्धा नाही. नुसता नंबर आहे बघ, सतरा."

तिनं तो आकडा पाहिला, मान हलवली आणि खाली वाकून खुणा करायला लागली.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी तेव्हा मिरजेला एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रबंधाचा विषय असा होता, की आतड्याचा जुनाट आजार असलेल्या मुलांना स्वतःच्या आजाराबद्दल नेमकं किती समजतं ते मोजायचं. वीस प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण. ती मराठीत उतरवण्यात माझे चार महिने गेले होते. आधी मी 'शौच' असा शब्द घातला होता. पहिल्याच मुलानं विचारलं, "शौच म्हणजे कोण?" मग सगळीकडे 'संडासला जाणं' केलं. आतडं कुठं असतं असं विचारल्यावर एका मुलीनं गळ्यावर बोट ठेवलं, दुसऱ्यानं पोटावर बोटानं चकली काढून दाखवली. आजार कशामुळे झाला याला निम्म्या मुलांचं उत्तर 'उष्णतेमुळे' असं असायचं, उरलेल्यांचं 'बाहेरचं खाल्ल्यामुळे'. वीसपैकी आठ-नऊ गुण पडले तरी मी खूश व्हायचे.

त्रिशला मगदूम तेरा वर्षांची होती. कवठे महांकाळच्या बाजूचं गाव, वडील, म्हणजे आण्णा, एस.टी.त कंडक्टर. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, दिवसातून दहा-बारा वेळा संडासला, त्यातून रक्त. तीन महिन्यांपासून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. रक्त थांबलं होतं, पण तोंड गोल सुजलं होतं, गाल इतके वर आलेले की हसली तर डोळे मिटायचे. त्या दिवशी ती हसली नाही. वीस मिनिटांत कागद माझ्यापुढे सरकवला.

मी तिच्यासमोरच तपासला. आजाराचं नाव बरोबर. कुठला भाग, बरोबर. संसर्गानं होतो का? नाही. बरं वाटायला लागलं की गोळ्या आपण होऊन बंद केल्या तर चालतं का? नाही. का चालत नाही, याला तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. त्याला आठवायला वेळ लागतो.'

"हे कुणी सांगितलं तुला?"

"गोळ्यांच्या खोक्यात कागद असतो ना, तो वाचला. इंग्रजीत होता. डिक्शनरी घेऊन बसले."

अडतीस मुलांत वीसपैकी वीस मिळवणारी ती एकटी. मी तिला एक खोडरबर बक्षीस दिलं आणि संध्याकाळी होस्टेलवर मैत्रिणींना तिचं ते वाक्य वाचून दाखवलं.

शेवटी एक मोकळी जागा असायची, 'तुला काही विचारायचं आहे का?' त्याला गुण नव्हते. बहुतेक मुलं 'मी कधी बरा होणार' एवढंच लिहायची. त्रिशलानं लिहिलं होतं, 'तोंडाची सूज तेरा दिवसांत उतरेल का?' मी ते वाचलं, वयात येणारी मुलगी आहे, साहजिक आहे, असं मनाशी म्हटलं आणि कागद फायलीला लावला.

तो सोमवार होता.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी मी सगळे कागद घेऊन वालावलकर मॅडमकडे गेले. त्या माझ्या मार्गदर्शक. माणूस कमी बोलणारं आणि चष्म्यावरून बघणारं. सतरा नंबरचा कागद मी मुद्दाम सगळ्यांत वर ठेवला होता. त्यांनी तो शांतपणे वाचला. कौतुकाची वाट बघत मी उभी. त्यांनी शेवटचं पान उलटून माझ्यापुढे धरलं.

"तेराच का?"

"काय मॅडम?"

"पंधरा नाही, महिना नाही. तेरा. हा आकडा कुठून आला?"

मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "सोमवारपासून तेरा म्हणजे उद्याचा रविवार. उद्या काय आहे हिच्याकडे?"

"मला माहीत नाही."

"आणि सूज कशानं उतरते?"

"डोस कमी केला की."

"डोस कमी करायला कुणी सांगितलं होतं का तिला?"

सांगितलं नव्हतं. तो तसाच चालू ठेवायचा होता, हे मला ओपीडीच्या कागदावरून ठाऊक होतं. वीसही उत्तरं मी तपासली होती. हा एक प्रश्न तेवढा तपासायचा नव्हता.

"मॅडम, नंबर सतराचं नाव पत्ता..."

"नावांची यादी माझ्या कपाटात आहे. कुणाला कळणार नाही हा शब्द तू दिला आहेस, मी नाही. मोडायचा की नाही ते तू ठरव. मागितलीस तर देते."

मी मागितली.

यादीतला फोन शेजारच्या किराणा दुकानाचा निघाला. दुकानदार घाईत होता. "मगदूम? उद्या त्यांच्या थोरलीचा साखरपुडा हाय. आत्ता बोलवायला माणूस न्हाई. सोमवारी करा की." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, गोळ्या खरंच बंद केल्या असतील आणि ती निपचित पडली असेल तर वाट बघू नका. त्यांनी रीतसर लिहून एक इंजेक्शन माझ्याजवळ दिलं. "रक्तदाब उतरलेला असला तर हे द्या आणि तडक घेऊन या."

माझं नाव रूथ आढाव. रविवारी सकाळी चर्च चुकवलं तर आमच्या घरी चौकशी होते. त्या रविवारी मी पहिली एस.टी. धरली.

गावात घर शोधावं लागलं नाही. दारात मांडव, बाहेर पांढरी जीप, अंगणात सतरंज्या. साडेदहा वाजले होते. पाहुणे येऊन बसले होते. पिवळ्या साडीतली एक मुलगी पाटावर बसलेली, खाली मान घालून. ती राजमती, त्रिशलाची थोरली बहीण. समोर नवरा मुलगा अभिनंदन, जयसिंगपूरला बँकेत होता. मी मागच्या दारानं गेले. त्रिशलाच्या आईनं मला ओळखलं आणि तिचा चेहरा एकदम सावध झाला.

"सिस्टर, तुम्ही? आज?"

"त्रिशला कुठं आहे?"

"हाय की आत. जरा पडलीय. कालपास्नं उन्हाचा त्रास व्हायलाय तिला." मग आवाज खाली करून म्हणाली, "पण सूज बरीच उतरली बगा. औषध लागू पडलं."

स्वयंपाकघराच्या पलीकडे धान्याची खोली होती. तिथं पोत्यांच्या कडेला चटईवर त्रिशला पडली होती. अंगात नवं परकर-पोलकं, केसांत अबोलीचा गजरा. गाल खरंच बसले होते, पण ते बरं झालेल्या माणसाचे नव्हते. ओठ कोरडे पडलेले, हात गार. शेजारी बादली होती. तिनं डोळे उघडून मला पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"त्रिशला, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

तिनं तोंड पोत्यांकडे वळवलं.

"सांग बाळ. रागावणार नाही."

"एकदम न्हाई बंद केल्या," ती पुटपुटली. "चार दिवस अर्धी अर्धी केली. मग बंद."

दोन महिन्यांत जे करायचं ते तिनं चार दिवसांत बसवलं होतं. मी दंडाला पट्टी बांधली. वरचा रक्तदाब सत्तर. पुन्हा घेतला, तरी सत्तरच.

"हिला आत्ताच्या आत्ता मिरजेला न्यायला हवं," मी आईला म्हटलं.

"न्हेऊ की. एवढं ओटी भरणं झालं की न्हेऊ. अर्धा तास फक्त."

"अर्धा तास नाही काढायचा."

"सिस्टर, बाहेर माणसं बसल्यात." तिनं माझा हात धरला. "धाकटीला आजार हाय हे त्यास्नी ठावं न्हाई. आत्ता हिला उचलून बाहेर काढली तर काय सांगायचं? माझ्या थोरलीचं मोडंल. मी पाया पडते तुमच्या."

मी इंजेक्शन भरलं. शीर सापडत नव्हती, म्हणून मांडीत दिलं. आई दाराला पाठ लावून उभी होती. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "अहो, हळदीकुंकवाचं ताट कुठाय?" ती हलली नाही. मला तिचा राग आला नाही हे खरं सांगते. दोन मुली होत्या आणि तिला एकीकडे बघायला दुसरीवरची नजर काढावी लागत होती.

"आई, मी बाहेर जाऊन सांगते," मी म्हटलं. "तुम्ही आड येऊ नका."

ती बाजूला झाली.

अंगणात गेल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आण्णा कंडक्टरच्या सवयीनं ताठ उभे राहिले. मी म्हटलं, "मी मिरजेच्या दवाखान्यातली सिस्टर. यांची धाकटी मुलगी अत्यवस्थ आहे. तिला लगेच न्यायला गाडी पाहिजे."

नवऱ्या मुलाच्या मामांनी विचारलं, "दवाखान्याची माणसं आधीच घरात? काय आजार हाय पोरीला? जुना हाय का?"

आण्णा खाली वाकून सतरंजी सरळ करायला लागले.

"रक्तातला हाय का काय?" मामांनी पुन्हा विचारलं, या वेळी मला.

मी उत्तर देणार तेवढ्यात पाटावरची राजमती उठली. ओटीतला नारळ तिनं खाली ठेवला, पदर खोचला आणि कुणाकडेही न बघता आत गेली. बाहेर आली ती त्रिशलाला दोन्ही हातांवर घेऊन. तेरा वर्षांची पोर, पण वजन आठ वर्षांच्या मुलीचं राहिलं होतं. जीपजवळ जाऊन ती उभी राहिली आणि अभिनंदनला म्हणाली, "दार उघडा."

त्यानं उघडलं. मामा काहीतरी म्हणाले, त्यानं ऐकलं नाही. किल्ली त्याच्याचजवळ होती. मिरजेपर्यंत तोच गाडी चालवत होता. मागे मी, राजमती आणि तिच्या मांडीवर त्रिशला. वाटेत एकदा त्यानं विचारलं, "पाणी पाहिजे का?"

त्रिशला वाचली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर काही सांगता आलं नसतं. सलाईन, इंजेक्शनं, रक्ताची एक पिशवी. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिला कळलं की मी शब्द मोडून, यादीतून तिचं नाव काढून आले होते. त्यानंतर मी वॉर्डात गेले की ती भिंतीकडे तोंड करायची. मी तापमान घ्यायचे, ती घेऊ द्यायची. शब्द नाही.

आठव्या दिवशी जयसिंगपूरहून निरोप आला. पत्रिका जुळत नाही.

त्रिशलाच्या आईनं मला व्हरांड्यात गाठलं. रडली नाही, ओरडली नाही. "सिस्टर, धाकटी वाचली. थोरलीचं मोडलं. दोन्ही तुमच्यामुळंच झालं." एवढं बोलून डबा घेऊन ती आत गेली.

राजमती नळावर भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, "असल्या लोकांत पडण्यापेक्षा..."

"तसं नका म्हणू," ती मधेच म्हणाली. "मोडलं ते बरं झालं असं मी म्हणणार न्हाई. मला आवडला होता तो." तिनं तवा पालथा घातला. "गाडी चांगली चालवली त्यानं."

मग तिनंच मला राहिलेलं सांगितलं. साखरपुड्याची तारीख ठरली त्या रात्री आई आणि आण्णा बोलत होते. पाहुणे आले की विचारतील, हिचं तोंड असं का. तेव्हा त्या दिवसापुरतं त्रिशलाला तासगावला मावशीकडे धाडू. त्रिशला जागी होती. सकाळी तिनं आईला विचारलं, "माझी सूज उतरली तर मी थांबू का?" आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "उतरली तर थांब की."

"आईला काय माहीत गोळ्यांनी सूज येते," राजमती म्हणाली. "तिला वाटलं आजारानं आलीय. त्रिशलाला माहीत होतं."

म्हणजे गोळ्यांबद्दल सगळ्यांत जास्त ज्ञान त्या घरात तिलाच होतं, आणि तिनं ते वापरलं होतं. बहिणीच्या साखरपुड्याला घरात थांबता यावं म्हणून. धान्याच्या खोलीत का होईना, ती थांबली होती.

घरी सोडायच्या दिवशी मी नव्या गोळ्यांचा तक्ता घेऊन तिच्या खाटेशी गेले. कुठल्या आठवड्यात किती, सगळं आखून. तिनं तक्ता घेतला, वाचला. मी म्हटलं, "त्रिशला, मी शब्द मोडला. मला माफ कर असं म्हणत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडीन."

तिनं तक्त्याची घडी घातली. मग नऊ दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"गोळ्या बंद केल्या तर काय होतं, ते तुम्ही विचारलंत."

"हो."

"चालू ठेवल्या तर काय होतं, ते कुठं विचारलंत?"

वीस प्रश्नांत आतडं होतं, औषध होतं, पथ्य होतं. घर नव्हतं. शेजारीण नव्हती, पाहुणे नव्हते, मावशीचं गाव नव्हतं. मी पिशवीतून कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "मला नाही सुचलं. तू लिही काय विचारायला पाहिजे ते."

तिनं कागद घेतला नाही. "आता न्हाई," म्हणाली. पण महिन्यानं तपासणीला आली तेव्हा वहीचं एक पान चार घड्या घालून माझ्या हातात दिलं. त्यावर सहा प्रश्न होते. प्रबंध तेव्हा छापायला गेला होता. परीक्षेत त्या प्रबंधाबद्दल परीक्षक चांगलं बोलले. मीच शेवटच्या प्रकरणात एक वाक्य घातलं होतं, की ही प्रश्नावली मुलांना काय माहीत आहे ते मोजते, त्या माहितीचं ती काय करतील ते मोजत नाही. त्यावर त्यांनी काही विचारलं नाही. ते सहा प्रश्न मी पुढच्या कामात घातले. अजूनही मुलं त्या सहांपाशी आली की पेन्सिल थांबते.

दोन वर्षांनी राजमतीला दुसरं स्थळ आलं, इचलकरंजीचं. त्या वेळी त्रिशलाचा आजार पुन्हा उसळला होता आणि गोळ्या पुन्हा वाढवल्या होत्या. तोंड पहिल्यासारखंच सुजलेलं. तासगावच्या मावशीचं नाव या खेपेला घरात कुणी काढलं नाही. आईनंच पोह्यांचा ट्रे त्रिशलाच्या हातात दिला म्हणे, आणि स्वतः दाराआड उभी राहिली. हे मला राजमतीनं लग्नाची पत्रिका द्यायला आली तेव्हा सांगितलं.

मुलाची आत्या जाडजूड, बोलायला फटकळ. त्रिशलानं बशी पुढे केली तशी आत्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "हिचं तोंड का गं असं सुजलंय?"

आण्णा छताकडे बघायला लागले. त्रिशला म्हणाली, "मला मोठ्या आतड्याचा आजार हाय. सूज गोळ्यांची हाय, आजाराची न्हाई. अजून दोन महिने तरी राहील."

"लागणारा हाय का?"

"न्हाई. आक्काला न्हाई, तिच्या पोरांना होणारच न्हाई असं न्हाई म्हणता येत, पण सहसा होत न्हाई. तुम्हाला आणि काय विचारायचं असलं तर विचारा."

आत्यानं काही विचारलं नाही. बशी संपवली, बोटं चाटली आणि रिकामी बशी त्रिशलापुढे धरली.

"आणखी घाल," म्हणाली. "आणि लिंबू आण."